अक्कांचे हमखास नवस

आमच्या अक्कांनी नवस बोलला आणि देव पावला नाही, असं मी कधी पाहिलं नाही. यात देवाचा मोठेपणा किती आणि अक्कांची हुशारी किती, हे कळायला मला लग्नानंतर बरेच दिवस लागले. अक्का मुळी होणाऱ्या गोष्टींसाठीच नवस बोलायच्या. कैऱ्या पाडाला लागल्या की ‘आंबे पिकू दे’. आबांना सर्दी झाली की ‘नाक मोकळं होऊ दे’. एकदा मांजर शेजारी गेलं, तर ‘संध्याकाळच्या दुधापर्यंत परत येऊ दे’. आता दुधाची वेळ कुठलं मांजर चुकवतं? ते आलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही शिदोरी बांधून छकड्यातून सोनगीरला नवस फेडायला.

अक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची, आबांची, थोरली बहीण. ऐन तारुण्यात कपाळ पांढरं झालं आणि त्या धुळ्याला भावाकडे आल्या, त्या कायमच्या. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे दिवस ते. विधवा बाई ‘जरा हवा खाऊन येते’ म्हणाली असती तर गल्लीनं तिला फाडून खाल्लं असतं. तीच बाई ‘देवाला जाते’ म्हणाली की लोक बाजूला सरून वाट देत, वर दक्षिणेला पैसाही देत. अक्कांनी हे बरोबर हेरलं होतं. देवावर त्यांची भक्ती नव्हती असं नाही. पण ती झाडाखाली बसून, पाण्यात पाय सोडून करायची भक्ती होती.

त्यामुळे देव निवडतानाही त्या फार चोखंदळ. भर बाजारातल्या मारुतीला त्या येताजाता नमस्कार करायच्या, पण नवस? छे. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, “ज्या देवजोडे झाड नही, त्या देवनं काय करानं?” अक्का मूळच्या खेड्यातल्या, अहिराणी त्यांच्या तोंडातून कधी गेली नाही. त्यांचे देव सगळे डोंगरात नाहीतर नदीकाठी. माझ्या माहेरी, असोद्याला, शेताच्या बांधावर एक शेंदूर फासलेला दगड होता. आम्ही घरचेसुद्धा त्याला विसरलो होतो. अक्कांनी तो एकदा पाहिला, शेजारी वांग्याचा मळा पाहिला, आणि तेव्हापासून तो दगड दर थंडीत जागृत व्हायला लागला. दर्शन चुटकीसरशी व्हायचं. मग कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजायची, भरीत कुटायचं, आणि ऊन उतरेपर्यंत सुगरणीची घरटी बघत लोळायचं. “देवले बी मोकळी हवा लागस, माय,” असं म्हणून त्या देवाकडे पाठ करून खुशाल आडव्या व्हायच्या.

त्यांना आणखी एक साथीदार होता, आमचा टांगेवाला करीमचाचा. तो सडकेनं हिंडून येई आणि ओट्याशी टांगा उभा करून आबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगे, “अक्का, लळिंगच्या नाल्याला पाणी आलं बरं का.” आत अक्का लगेच कपाळाला हात लावत. “माय वं, लळिंगले मना नवस राही गया.” कुठला नवस, ते विचारायची कुणाची टाप नव्हती. मी मात्र मुकाट्यानं दशम्या लाटायला बसायची, कारण अक्कांबरोबर मलाही जायला मिळे. खरं सांगते, चूल आणि उंबरठा यापलीकडे मी जे काही जग पाहिलं ते अक्कांच्या नवसांपायी.

आबांचं सगळं उलटं. कापसाच्या जिनातली कारकुनी आणि घर, बस्स. माणसानं बाहेर जायचं ते कामाला, असं त्यांचं ठाम मत. घरात जेवण निवांत मिळत असताना उन्हात बसून मुंग्यांसकट खाण्यात काय मौज आहे, हे त्यांना शेवटपर्यंत कळणार नाही असं मला वाटायचं. एका उन्हाळ्यात लोणच्याला बुरशी आली नाही म्हणून अक्कांनी तापीला जायचं काढलं आणि आबांचा संयम सुटला. ते तडक गुरुजींना घेऊन आले. गुरुजी म्हणाले, लांबच्या देवांचे नवस घरीच फेडता येतात. एकेका देवाच्या नावानं पाटावर सुपारी मांडायची, पूजा करायची, सुटलो.

आबा इतके खूश झाले की त्यांनी स्वतः पाट पुसला. सोनगीरचा देव, लळिंगचा देव, असोद्याचा दगड, सगळे आमच्या माजघरात ओळीनं बसले. अक्का खांबाला टेकून बघत होत्या. त्यांचा चेहरा पार पडला होता. त्या सुपाऱ्या नव्हत्या हो, आमच्या सगळ्या सहली होत्या, आणि गुरुजी त्यांच्यावर अक्षता टाकून त्या मिटवत होते. आता जायला कारणच उरलं नव्हतं. आरती झाली. अक्का पदरानं डोळे टिपून अगदी गरिबासारख्या म्हणाल्या, “गुरुजी, आते या सुपाऱ्यासनं काय करानं?”

“वाहत्या पाण्यात सोडायच्या,” गुरुजी म्हणाले.

“मग पांझरेत सोडू. दाराशीच आहे,” आबा म्हणाले.

“पांझरा कोठे वाही राहिनी, आबा? बठ्ठी वाळू शे.”

आणि ते खरंच होतं. वैशाखात पांझरेच्या पात्रात पोरं विटीदांडू खेळत. त्या दिवसांत वाहतं पाणी म्हणजे एकच, तापी. गुरुजींनी डोकं खाजवलं, आबांनी गुरुजींकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. पण शास्त्र ते शास्त्र. वर गुरुजींनी हळूच पुस्ती जोडली की विसर्जन यजमानाच्याच हातून व्हायला हवं, आणि मंत्रासाठी आपल्यालाही यावं लागेल. तेही घरात बसून उबगले असावेत.

अशी आबांची वरात निघाली. कोट, टोपी, छत्री, मांडीवर देवांची पुरचुंडी, आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. तापीवर पोचल्यावर त्यांनी बूट काढायला ठाम नकार दिला. पण बूट घालून सुपाऱ्या सोडणार कशा? काढले. पाण्यात उतरले, ओंजळ सोडली, आणि मग बाहेर येईनात. आम्ही वाळवंटातलं टरबूज फोडलं, गुरुजींनी दोन फोडी जास्तच खाल्ल्या, तरी आबा आपले धोतर गुडघ्यापर्यंत धरून उभे. मासे पायाला चावे घेत होते म्हणे. “पाणी बरं आहे,” एवढंच ते बोलले. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते. त्यानंतर आबा पुन्हा कधी आले नाहीत, पण आम्हाला अडवलंही नाही.

पुढे अक्का आजारी पडल्या. वैद्यानं औषध दिलं आणि नजर चुकवली. आबा जिनात जायचे बंद झाले, बहिणीच्या उशाशी बसून राहायचे, आणि मधेच उठून ओट्यावर जाऊन आकाशाकडे बघत काहीतरी पुटपुटायचे. पहिली थंडी पडता पडता अक्का गेल्या. दिवस झाले, पाहुणे पांगले. घर असं सुनं झालं की मला स्वयंपाकघरात बसवेना. रडू अक्कांसाठी येत होतं, आणि थोडं माझ्यासाठीही. आता मला कोण कुठे नेणार होतं?

एका सकाळी आबा स्वयंपाकघराच्या दाराशी आले. कोट घातलेला, हातात छत्री.

“सूनबाई, अक्का बरी व्हावी म्हणून मी लळिंगच्या देवाला नवस बोललो होतो.”

मी म्हटलं, “पण आबा, देव तर पावला नाही. मग फेडायचं काय?”

“फेडायला कोण जातंय? भांडायला जायचंय,” आबा म्हणाले. त्यांनी छत्री काखेत मारली. “करीमला टांगा जोडायला सांगितलाय. भाकरी जास्तीच्या घे. भांडण लवकर मिटायचं नाही.”