छत्रीचं टोक

गाणं ऐकणाऱ्या माणसाजवळ पवित्र अशी एकच वस्तू असते — त्याचा कान. हे वाक्य मी सात-आठ सत्कारांत म्हटलं आहे आणि दर वेळी टाळ्या पडल्या आहेत. आता जे सांगणार आहे ते मात्र कुठल्याच सत्कारात सांगितलेलं नाही. घरी नाही, मित्रांत नाही — आजवर कुणालाच नाही.

खरं म्हणजे कबुली देणाऱ्या माणसांचा मला संशय येतो. चूक सांगता सांगता ती हळूच स्वतःची पाठ थोपटून घेतात. तेव्हा तुम्हीही माझ्यावर फार विसंबू नका. शंका घेत ऐका. मी आयुष्यभर तेच करत आलो, आणि गोष्ट तिथूनच सुरू होते.

साठच्या दशकात मी साताऱ्यात एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. शिवाय एका साप्ताहिकात गाण्यावर लिहीत असे. गाता मला येत नव्हतं, वाजवताही येत नव्हतं. त्यामुळं लिहायला मोकळा होतो. सांगलीत एक मोठं गाणं ठरलं. बुवांचं नाव घेत नाही. पण त्यांच्यासाठी लोक दोन-दोन जिल्हे ओलांडून यायचे. समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब म्हणून एक वकील होते, माझ्या ओळखीचे. त्यांनी मला पहिल्या रांगेचं निमंत्रण पाठवलं — जाड, सोनेरी कडेचं कार्ड. बुवांचं नाव त्यात चौथ्या ओळीत होतं. वरच्या तीन ओळी उद्घाटक, प्रमुख पाहुणे आणि स्वागताध्यक्ष यांनी व्यापल्या होत्या. तेव्हाच मला शंका आली होती. पण पहिली रांग ती पहिली रांग.

रविवारी सकाळी सातारा रोडला गाडीत बसलो. त्या वेळी ते आमचं स्टेशन, आणि गावापासून इतकं लांब की त्या नावात 'रोड' एवढाच शब्द खरा. मी खिडकीशी, हातात छत्री. समोरच्या बाकावर दोघं होते. एक रजेवर आलेला फौजेतला जवान, पायाशी हिरवी ट्रंक. दुसरा पन्नाशीचा, अंगात कोपरावर ठिगळ लावलेला कोट, हातात कापडी पिशवी. त्याच्या बाकाखाली एक गच्च भरलेलं पोतं होतं, तोंड सुतळीनं शिवलेलं.

ती वर्षं कशी होती ते सांगायला हवं. धान्याची टंचाई होती. ज्वारी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात न्यायला बंदी होती, स्टेशनांवर तपासणी व्हायची, आणि पायली-दोन पायलीसाठी माणसं गाडीतून उतरवली जात. आणि बोलताना आमच्याकडं ज्वारीची 'जवारी' होते, हेही ध्यानात असू द्या.

जवानानं सहज विचारलं, "कुठवर, मामा?"

"सांगली. जवारीचं काम हाय. दुपारच्या आत झालं पायजे."

"जवारीचं? धरत्याल की."

मामा हसला. "आमाला कोन धरतंय, गड्या? मोठीमोठी मानसं वाट बघत्यात आमची. बंद असली तर उघडायची, लय उघडली तर बंद करायची. समदं ह्या हातात हाय."

आता तुम्हीच सांगा, यातून तुम्ही काय अर्थ काढला असता? मी पुस्तकांत राहणारा माणूस. मला त्यात अख्खी टोळी दिसली. बंद कोठारं, उघडी कोठारं, वाट बघणारी मोठी माणसं — भाऊसाहेबांच्या कार्डावरचे प्रमुख पाहुणेसुद्धा क्षणभर त्यात येऊन गेले.

कऱ्हाड मागं पडलं. सांगली जिल्ह्यात शिरल्यावर एका लहान स्टेशनावर तपासणीवाले दोघं खिडक्यांतून डोकावत आले. माझ्या खिडकीशी थांबून एकानं विचारलं, काही धान्य-बिन्य? मामा वाकून चपलेचा अंगठा बसवत होता. जवान दुसऱ्या बाजूला बाहेर बघत होता. मी एक शब्द बोललो नाही. पुढं कितीतरी दिवस मला हे फार महत्त्वाचं वाटायचं — की मी बोललो नाही. मी फक्त छत्रीचं टोक त्या पोत्याकडं वळवलं.

का? देशासाठी? टंचाईची मला फारशी झळ नव्हती. मग त्या कोटाच्या ठिगळासाठी? की मोठी माणसं त्याची वाट बघतात म्हणाला, त्याचा राग? माझी वाट तर फक्त एक खुर्ची बघत होती, आणि तीही भाऊसाहेब विसरले नसले तर. मी पुष्कळदा विचार केला आहे. दर वेळी वेगळं कारण सापडतं, म्हणून मी एकावरही विश्वास ठेवत नाही.

तपासणीवाला आत आला. "पोत्यात काय?"

"भोपळं हायती, साहेब."

"धंदा काय तुझा?"

"जवारीचा," मामानं सरळ सांगितलं.

"उतर."

पोतं खाली गेलं, मामा खाली गेला. एकानं त्याचा दंड धरला होता. गाडी हलली तेव्हा तो माझ्या खिडकीकडं बघून ओरडून काहीतरी सांगत होता. डब्यात शिकलेला दिसणारा मीच, म्हणून असेल. तेवढ्यात इंजिनाची शिट्टी झाली. मला नीट ऐकू आलं नाही — असं मी मिरज येईपर्यंत स्वतःला सांगितलं, आणि तिथून सांगलीच्या गाडीत बसल्यावरही.

सांगलीत मांडव भव्य होता. उद्घाटनाला पाऊण तास लागला. समई पेटेना, तेव्हा तीन मान्यवरांनी क्रमानं एकेक काडी ओढली. मग सत्कार, मग सत्कारांचे आभार. बुवा मागं बसून पान खात होते. अखेर ते पुढं आले, तंबोरे छेडले गेले, आणि माझ्यासारख्या नुसत्या लिहिणाऱ्यालाही कळलं की काहीतरी बिनसलंय. दोन तंबोरे, पण त्यांचं एकमेकांशी बोलणं बंद असावं तसे. एक कुंद, दुसरा झणझणणारा. बुवा थांबले. स्वतः खुंट्या पिळल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले.

मागं समितीचा एकजण दुसऱ्याला सांगत होता, "मिरजेचा बाबालाल फलटणहून परस्पर यायचा होता. जवारी करायची राहिलीय. आलाच नाही."

तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीनं घासून त्याला असा काही उतार द्यायचा असतो की तार नुसती वाजत नाही, गुंजत राहते. त्या गुंजण्याला जवारी म्हणतात. ती बंद असते, उघडी असते. आणि ती उघडायचं, मिटवायचं काम हातात असलेली माणसं फार थोडी. 'जवारीदार आवाज' हे शब्द मी माझ्या लेखांत निदान दहा वेळा लिहिले होते. पुस्तकातून उचललेले. त्या शब्दाला हात असतील, कोपरावर ठिगळ असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

इथं मला सगळं कळलं — असं लिहिलं की गोष्ट नीट बसते. मी छत्री खुर्चीखाली सरकवली.

मिरज काही लांब नव्हती. तिथून जवारी करणारा दुसरा कुणी आणता आला असता. पण समई आणि सत्कार यांत ते कुणाला सुचलं नाही. बुवा तासाभरात उठले. तब्येत ठीक नाही, असं जाहीर झालं. मध्यंतर नसलेलं मध्यंतर सुरू झालं. भाऊसाहेब घामाघूम होऊन पहिल्या रांगेशी आले. त्यांना कुणाच्या तरी माथ्यावर हे टाकायचं होतं. टाकायला माथा तयारच होता.

"तो बाबालाल. पिऊन पडला असेल कुठंतरी," ते म्हणाले, आणि माझ्याकडं वळले. "काय हो, ग्रंथपाल?"

"असेल," मी म्हणालो.

छत्री वळवली तेव्हा मला माहीत नव्हतं, असं एक वेळ म्हणता येईल. 'असेल' म्हणताना माहीत होतं. माणूस शुद्धीत होता. पोत्यात भोपळे होते. स्टेशन कुठलं, तेही ठाऊक होतं. चार वाक्यांत सांगून झालं असतं. ती सुचली नाहीत असं नाही — सुचली, मनात दोनदा म्हणूनही पाहिली. पण त्यातल्या दुसऱ्याच वाक्यात छत्री येत होती.

संध्याकाळी परतीची गाडी. रूळ एकेरी, समोरून येणारी गाडी पुढं जाऊ द्यायला आमची थांबली, आणि ती थांबली नेमक्या त्याच स्टेशनावर. बाबालाल बाकावर बसला होता, पोतं शेजारी. मी वर्तमानपत्र उघडलं. पण त्यानं मला ओळखलं आणि तो खिडकीशी आला.

"सकाळचं साहेब न्हवं तुमी? सांगलीसनं आलासा? गाणं झालं का वो?"

"झालं."

"तंबोरं कसं लागलं हुतं?"

"चांगले लागले होते."

त्यानं सुटकेचा श्वास सोडला. "बरं झालं. दिसभर जिवाला घोर हुता. म्हनलं, माझ्यापायी इस्कोट हुतोय का काय." मग थोडा हिरमुसला. आपल्यावाचून अडलं नाही, हेही माणसाला थोडं लागतंच. तपासणीचा साहेब जेवून येईपर्यंत त्याला बसवून ठेवलं होतं. साहेबानं दुपारी पोतं उघडलं, हसला आणि जा म्हणाला. तोवर त्याची गाडी कुठली? पोत्यातून त्यानं तंबोऱ्याचा एक वाळका भोपळा काढून दाखवला. धान्य काढून बघायची टोकदार नळी त्यात आरपार गेली होती.

"फलटनच्या बाईंचा तंबोरा ह्यो. दुरुस्तीला आनला हुता. आता त्यास्नी काय सांगू?" भोक बोटानं झाकून तो म्हणाला. "त्या मिल्ट्रीवाल्यावर वहीम हाय माझा. त्योच खोदूनखोदून इचारत हुता."

"असेल," मी म्हणालो.

समोरची गाडी आली. मला रामराम करून तो तिच्याकडं गेला. तंबोरे चांगले लागले होते, असं मी त्याला का सांगितलं? त्याला बरं वाटावं म्हणून? तसं लिहायचा मोह होतो. पण खरं सांगितलं असतं तर तो आणखी विचारत खिडकीशी उभा राहिला असता, आणि छत्री माझ्या मांडीवर होती.

दोन महिन्यांनी भाऊसाहेब कोर्टाच्या कामानं साताऱ्याला आले, वाचनालयात चहाला थांबले. बाबालालचा विषय त्यांनीच काढला.

"दुसऱ्या दिवशी आला होता. म्हणे स्टेशनावर ज्वारी समजून उतरवलं. थापा माराव्यात तरी किती? वर म्हणतो, तंबोरे चांगले लागले होते, एका साहेबांनी सांगितलं मला. भर मांडवात अब्रू गेली आमची, आणि ह्याचे तंबोरे चांगले लागले होते. कोण हो हा साहेब?"

"कुणास ठाऊक," मी म्हणालो.

त्याच्या सगळ्या बोलण्यात भाऊसाहेबांना खोटं म्हणून पकडता आलं ते एकच वाक्य, आणि ते माझं होतं. त्यावरून बाकीचं खरंही खोटं ठरलं. त्यांनी त्याला पुन्हा बोलावलं नाही. एवढंच नाही, ज्यांच्याकडं तंबोरे होते त्या सगळ्या ओळखीच्या घरांतही तसं कळवलं. भाऊसाहेबांना ओळखी पुष्कळ होत्या. तीन-चार वर्षांनी त्यांच्याकडूनच ऐकलं की बाबालाल आता माधवनगरला कापडाच्या गिरणीत असतो, मागावर. मी दुसरीकडं एकदा असा माग चालताना पाहिला आहे. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. तो दिवसभर तिथं उभा असे, तारेतला केसाएवढा फरक ऐकणारा माणूस.

मी गेलो नाही. माधवनगर काही परमुलूख नव्हता. त्यानंतर सांगलीला मी गाण्यांसाठी निदान वीस वेळा गेलो असेन. फलटणच्या बाईंना पत्र लिहिलं नाही. भाऊसाहेब वारले, तेव्हा त्यांच्या शोकसभेत बोललो, छान बोललो. आणि हो, त्या मैफलीवर लेखही लिहिला होता. 'तंबोऱ्यांच्या जवारीबाबत झालेली हयगय कोणत्याही जाणत्या कानाला खुपल्यावाचून राहणार नाही,' असं त्यात वाक्य होतं. त्याचं फार कौतुक झालं. पहिला सत्कार त्यानंतरचाच.

राहिलं एकच — गाडी हलताना तो खिडकीकडं बघून काय ओरडला ते. "साहेब, तुमी तरी सांगा ह्यास्नी, दुपारच्याला गानं हाय, तंबोरं लावायचं हायती." शिट्टीत ते मला ऐकू आलं नाही, हे मी स्वतःला इतकी वर्षं पटवत आलो, आणि त्याला आधारही होता: लहानपणी कान फुटला तेव्हापासून मला एका कानानं जवळजवळ ऐकू येत नाही.

तो डावा. खिडकी उजव्या हाताला होती.