भरडा (गु.)

मंगळवार होता. नळाला नर्मदेचं पाणी यायचा दिवस. मी मोटर लावली, पोहे परतले, वर शेव घातली आणि पहिला घास तोंडात टाकला तेवढ्यात मोबाइल टुणकन वाजला. इतका साधा दिवस होता हो! आज दुपारपर्यंत तुम्ही स्वतःची नोंद गुरांमध्ये कराल, असं कुणी मला सांगितलं असतं, तर मी त्याला बशीभर पोहे दिले असते आणि म्हटलं असतं, भिया, आराम कर.

हसायचं तर पोट धरून हसा, पण हातातला कप आधी खाली ठेवा. मी जे केलं ते शहाण्या माणसाचं काम नाही.

कॉलनीच्या ग्रुपवर कुणीतरी सरकारी सूचना टाकली होती. आमच्या इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या एका दुकानातून सुटं विकलेलं पशुखाद्य संशयात सापडलं होतं. त्यात मांसाचा आणि हाडांचा चुरा असावा, असा संशय. दुधासाठी आणि मांसासाठी पाळलेल्या जनावरांना मेंदूचा रोग होऊ नये म्हणून असलं काही खाऊ घालायला नियमाने बंदी आहे. तेव्हा ज्यांच्याकडे त्या दुकानाचा माल, कधीही घेतलेला, उरला असेल त्यांनी नमुना जमा करावा. ज्यांच्या जनावरांनी तो खाल्ला असेल त्यांनी खालच्या नंबरवर कळवावं. आणि अहवाल येईपर्यंत त्या जनावराचं दूध किंवा मांस विकू नये.

आता मला यात काय देणंघेणं? माझ्या घरात एक मांजरसुद्धा नाही.

पण सुनंदा, माझी बायको, दर गुरुवारी गोशाळेत जायची. लोक गायींना पोळ्या चारतात, ते तिला पटायचं नाही. "पोट फुगतं हो त्यांचं, आणि पुण्य तुमच्या नावावर!" असं ती तिथे उभ्या-उभ्या लोकांना सुनवायची. म्हणून ती परदेशीपुऱ्यातून गुरांचा भरडा आणायची. भरडा म्हणजे जाडसर दळलेलं धान्य. गुरांचा वेगळा, आणि ज्याचे आपण वडे करतो तो वेगळा, घरी भाजून गिरणीतून काढलेला. ती गेली त्याला आता सव्वा वर्ष झालं. म्हटलं, तिचा गुरांचा भरडा कुठे उरला असेल तर शोधून देऊन टाकावा. आम्ही इंदूरचे लोक कचरासुद्धा वेगवेगळा करून देतो. भरडा वेगळा करता येऊ नये?

माळ्यावर चढलो. मागच्या रांगेत एक डबा सापडला. त्यावर पांढरी चिकटपट्टी, तिचं टपोरं अक्षर: 'भरडा – वडे'.

मी थोडा वेळ त्या अक्षराकडे बघत शिडीवरच उभा राहिलो.  हा जर वड्यांचा भरडा, तर मी तिच्या वर्षश्राद्धाला वडे कशाचे केले?

सांगतो. घाई करू नका, मलाच धाप लागते आहे.

स्वयंपाकघरातल्या फडताळात खाली, अगदी हाताशी, एक दुसरा डबा होता. त्यावर लिहिलं होतं: 'भरडा – गु.' गु. म्हणजे काय? मी लेखक माणूस. शब्दांवर पोट भरतो. मी विचार केला आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. गु. म्हणजे गुरुजी! दर वर्षी माझ्या वडिलांच्या श्राद्धाला गुरुजी येतात, त्यांना वडे लागतात, आणि ही बाई किती टापटिपीची, की त्यांच्यासाठी सोवळ्यातला भरडा वेगळा काढून ठेवायची! मी तो डबा वर्षभर उघडला नाही. तिच्या वर्षश्राद्धालाच उघडायचा, असं ठरवलं. तीन महिन्यांपूर्वी उघडला. किडा नाही, जाळी नाही. मला तिचं केवढं कौतुक वाटलं! त्या किड्यांना माझ्यापेक्षा जास्त समजत होतं, हे मंगळवारी कळलं.

वडे जरा दडदडीत झाले होते, मान्य. मी मिरची, धणे, जिरं सढळ हाताने घातलं होतं. मी तीन खाल्ले, गुरुजींनी सात. सात! आणि हात धुताना म्हणाले, "तृप्त झालो. आता संध्याकाळपर्यंत रवंथ करत बसायला हरकत नाही."

त्यांच्या तोंडून साक्षात सरस्वती बोलत होती. मला ऐकू आलं नाही.

गुरुजींची तब्येत दणकट. ते दुसऱ्याच दिवशी देवासला लग्न लावून आले. मला घोर लागला तो आईंचा. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, इंदुरातल्याच लालबागच्या बाजूला एकट्या राहतात. जन्मात अंड्याच्या केकला हात लावलेला नाही. त्या दिवशी त्यांनी पहिला वडा मोडला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "सुनंदाच्या हातचा भरडा. लगेच कळतो." मग पदर डोळ्यांना लावला. निघताना म्हणाल्या, "उरलेला मला द्या. दर गुरुवारी एक थालीपीठ करीन. तेवढीच ती ताटात."

आणि मी दिला की हो! डब्यासकट दिला.

म्हणजे गेले तीन महिने आई दर गुरुवारी लेकीच्या आठवणीत गुरांचं खाद्य खात होत्या, आणि त्यात हाडं होती की नाही, ते सरकार तपासत होतं. पोहे तसेच राहिले. टाकी भरून वाहायला लागली. मी सूचनेतला नंबर फिरवला.

"हाँ जी, पशु हेल्पलाइन. बोलिए."

 एका शिकल्या-सवरलेल्या माणसाने काय सांगायचं? मी म्हटलं, "वो खाद्य... हमारे यहाँ खाया गया है।"

"कितने पशु हैं?"

"दो।" तोंडातून निघून गेलं. आता मागे कसं फिरायचं?

"गाय कि भैंस?"

"एक... नर. एक मादी।"

"नर की उमर?"

"चौपन।"

"महीने?"

"...हाँ जी। महीने।"

"मादी?"

"अठहत्तर।"

"दूध दे रही है?"

"नहीं जी!" मी जवळजवळ ओरडलोच. आईंना कळलं असतं तर!

"नाराज क्यों होते हो भिया, फॉर्म में लिखा है तो पूछना पड़ता है। दूध नहीं, तो फिर मांस के लिए रखे हैं?"

"अरे नहीं, नहीं!"

"दूध नहीं, मांस नहीं। तो रखे किसलिए हैं?"

 पलीकडे तो पेनाने टकटक करत होता.

"चलो, छोड़ो। कान में टैग है?"

"नहीं।"

"लगवा लो, जरूरी है। बिना टैग का पशु सड़क पे मत छोड़ना। अब नर के लक्षण बताओ। चारा कम खा रहा है?"

मी ताटलीतल्या पोह्यांकडे बघितलं. "हाँ।"

"वजन गिरा है?"

"गिरा है।"

"आवाज से चौंकता है? एक ही जगह टकटकी लगाके देखता रहता है?"

मघाशीच शिडीवर उभा होतो. "कभी-कभी।"

"झुंड से अलग बैठता है?"

"...हाँ।"

आता त्याचा आवाज गंभीर झाला. "कब से?"

"सवा साल से।"

"आहार तो आपने अभी खिलाया न? तो ये पहले से है। पहले जोड़ी में था क्या?"

"हाँ जी। जोड़ी में था।"

"दूसरी बिक गई?"

"नहीं। बीमार थी।"

 मग एकदम घरच्या माणसासारखा म्हणाला, "देखो दादा, मैं खुद पशुपालक के घर का हूँ। ये आहार-वाहार का मामला नहीं दिखता। जोड़ी टूटती है तो जानवर ऐसा ही करता है। अकेला मत बाँधो उसको। चार के बीच में रखो, खाने लगेगा। और सैंपल आज ही जमा करा दो। रिपोर्ट आने तक इसका मांस बाजार में नहीं जाना चाहिए।"

"नहीं जाएगा," मी शब्द दिला. तो शब्द मी आजपर्यंत पाळला आहे.

फोन ठेवला, तोंड धुतलं आणि 'भरडा – वडे' पिशवीत घालून लालबागकडे निघालो. बेत सोपा होता. आई पूजेला बसल्या की त्यांच्या डब्यातला भरडा माझ्या पिशवीत, आणि हा खरा भरडा त्यांच्या डब्यात. सुनंदाच्याच हातचा, सोन्यासारखा! फसवणूक कसली? उलट हीच दुरुस्ती.

आईंनी दार उघडलं. "मंगळवारचे कसे काय? बरं वाटत नाही का? तोंड का असं उतरलंय?"

"छान आहे सगळं. तुमची पूजा?"

"झाली कधीच. तुम्ही बसा, मी गरम-गरम थालीपीठ लावते. सुनंदाच्या भरड्याचं."

"नको!" मी असा ओरडलो की समोरच्या गॅलरीतली बाई वाकून बघायला लागली. "म्हणजे... आज मंगळवार ना. तुमचं तर गुरुवारी असतं."

"जावई आल्यावर वार बघायचे का? काय तुम्ही पण! बसा चुपचाप."

मी डबा हातात घेतला. त्यांनी परत घेतला. मी म्हटलं, कीड लागली असेल. त्या म्हणाल्या, "मी रोज झाकण उघडून वास घेते. माझ्या नाकाला कळणार नाही होय?" मी म्हटलं, पित्त होईल. म्हणाल्या, "उलट माझे गुडघे सुधारलेत. परवा जिना एका दमात चढले." आता या माउलीला काय सांगू, की त्यात जनावरांच्या हाडांसाठी क्षार घालतात म्हणून!

थालीपीठं झाली. दोन. त्यांच्या पानात एक, माझ्या पानात एक. मी काय केलं असेल? त्या लोणचं काढायला उठल्या, आणि मी त्यांच्या पानातलंही उचलून घशाखाली लोटलं. दुसरा उपायच दिसेना. आई वळल्या. रिकामं पान बघितलं, माझे फुगलेले गाल बघितले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"इतके भुकेले आहात? धड जेवत नाही ना घरी? थांबा."

त्यांनी आणखी तीन लावली. माझ्याच पानात! मी पाचही खाल्ली. त्या पाणी आणायला आत गेल्या तेव्हा कुठे मला अदलाबदल करता आली. बाहेर पडलो तेव्हा पिशवीत सरकारी नमुना होता, आणि पोटात त्याहून मोठा.

नमुना जमा केला. मग नऊ दिवस वाट बघितली. ते दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. रोज सकाळी फोन. "आई, बऱ्या आहात ना? भूक लागते ना? चिडचिड होत नाही ना?"

"तुम्ही रोज हेच विचारलंत तर होईल," आई म्हणायच्या. पण फोन त्या पहिल्या घंटीला उचलायच्या, हे माझ्या चौथ्या दिवशी लक्षात आलं.

दहाव्या दिवशी मोबाइलवर अहवाल आला. मांस नाही. हाडं नाहीत. मक्याचा भरडा, चुनी म्हणजे डाळींचा चुरा, कपास्या खली म्हणजे सरकीची पेंड, मीठ, क्षार. खाली शेरा: पशूंना देण्यास हरकत नाही. मी खुर्चीत बसूनच नमस्कार केला, कुणाला ते माहीत नाही. गुरुजी सुटले, आई सुटल्या, सुनंदाच्या श्राद्धाला लागलेला डागही सुटला. आता सगळं खरं सांगून टाकायचं, असं ठरवलं. आई रागावतील, मग हसतील. सुनंदा असती तर पहिली हसली असती. गु. म्हणजे गुरुजी! तिने ते कॉलनीभर सांगितलं असतं.

गुरुवार होता. मी लालबागला पोचलो. आई ओट्यापाशी उभ्या होत्या, तव्यावर थालीपीठ. त्यांनी एक तुकडा मोडून तोंडात घातला, चावला, आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

"खरं सांगा. डबा बदललात ना?"

मी तव्याखालचा गॅस बारीक केला.

"मागच्या गुरुवारीही मला संशय आला होता. दुकानातून आणून भरलात! तिचा संपला असता तर मी म्हटलं असतं, संपला. पण हे कसलं? ना ती चव, ना तो दडदडीतपणा." त्यांनी डबा माझ्या हातात ठेवला. सुनंदाने भाजलेला, गिरणीत उभं राहून दळून आणलेला, तिच्या अक्षरातल्या डब्यातून काढलेला भरडा! "हा तिच्या हातचा नव्हे. आईला कळतं. तिचा तो परत आणून द्या."

मी तोंड उघडलं. अहवाल खिशात होता, मोबाइलवर. 'आई, तो गुरांचा होता', एवढंच वाक्य.

"बरं," मी म्हटलं.

त्याला आता तीन आठवडे झाले. मी दर गुरुवारी आईंकडे जेवायला जातो, चार घास जास्तच जातात, आणि त्या दर वेळी डब्याची आठवण करतात. तो भरडा गुरांचा होता, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.