तांबड्याचा वैरी

गोवा राज्य झाले त्या वर्षी यशवंतने साखळीच्या बाजारात फोटो स्टुडिओ टाकला, आणि पहिल्याच लग्नात त्याचे नाक कापले गेले. वऱ्हाडाचे पांढरे शर्ट फोटोत तांबूस उतरले होते. दोष त्याचा नव्हता. खनिजाचे ट्रक दिवसभर गावातून जात, आणि त्यांची तांबडी धूळ माणसांवर, झाडांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे. पण गिऱ्हाइकाला खरे कुठे हवे असते? त्याला चांगले हवे असते. तेव्हापासून यशवंत तांबड्याच्या हात धुऊन मागे लागला. आधी प्रिंट करताना तांबडा कमी करायचा, पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावर. बायको आनंदी शेजारी बसून हे काम शिकली आणि त्याच्याही वरताण झाली.

“यशवंताच्या फोटयांत धूळ नसता,” असे साखळीत म्हणत.

चाळिशी उलटल्यावर गड्याला आभाळाचे वेड लागले. लाटंबार्शाला मेव्हण्याच्या काजूच्या बागेत तो आभाळाबरोबर हळूहळू वळणारे, मोटर लावलेले कॅमेऱ्याचे स्टँड लावी, मिनिटामिनिटाचे शंभरेक फोटो काढी आणि घरी ते एकावर एक रचून एखादा अंधुक तेजोमेघ उजेडात आणी. मग सवयीने शेवटचा हात फिरवी: तांबडा काढून टाकी. आठ वर्षांचे त्याचे सगळे तेजोमेघ राखेच्या रंगाचे.

२०१२ च्या पावसाळ्यात त्याने ते पुण्याच्या एका हौशी मंडळाच्या प्रदर्शनाला पाठवले. उत्तर आले, ‘फोटो रेखीव आहेत. पण मृगातल्या तेजोमेघाचा लाल रंग कुठे गेला? तो तापलेल्या हायड्रोजनचा उजेड असतो. तो का काढलात?’

यशवंत त्या दिवशी जेवला नाही. आठ वर्षे धूळ म्हणून जे पुसले, तेच खरे होते. मूळ फोटोही ठेवले नव्हते. आनंदीला त्याने यातले अवाक्षर सांगितले नाही. जिला आपण शिकवले, तिच्यापुढे आपलेच चुकले हे कोणत्या तोंडाने बोलणार?

त्याच वर्षी खाणी बंद पडल्या. आभाळ कधी नव्हे इतके निवळले, आणि नेमके तेव्हाच साखरेच्या दुखण्याने यशवंतचे डोळे खाल्ले. डावा गेलाच होता. उजवा उन्हाळ्यापर्यंत टिकला तर नशीब, असे पणजीचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे एकच हिवाळा हातात होता. त्याला एकच हवे होते: खऱ्या रंगातला एक फोटो आपल्या नावाने पुण्याला जावा.

जानेवारीत रोज दिवेलागणीनंतर मेव्हणा त्याला धरून बागेत नेई. सहा रात्रींचे फोटो जमले. मग नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकून तो ते रचत बसला. या खेपेला तांबडा काढला नाही, जपून वर आणला. काळोखात तो रंग हळूहळू फुलला तेव्हा यशवंत ढसाढसा रडला. डोळा जळतोय म्हणून, असे त्याने आनंदीला सांगितले.

“उद्या धाड गो पुण्याक,” तो म्हणाला आणि आडवा झाला.

सकाळी उठला तो उजव्या डोळ्यापुढेही काळे. हात चाचपडत त्याने हाक मारली. आनंदी धावत आली, आणि काय झाले ते कळल्यावर त्याला पोटाशी धरून बराच वेळ बसली. मग त्याला धीर यावा म्हणून म्हणाली,

“फोटयाची काळजी करू नकात. फाटफटीच उठून धाडलंय. तुमका दिसली नसात, बरीच धूळ रवलेली. तांबडा सगळा काडलंय मियां, एक कण ठेवूक नाय. कार्डय पुसलंय.”

काम झाले की त्याच दिवशी कॅमेऱ्याचे कार्ड आणि कॉम्प्युटरवरचे मूळ फोटो पुसायचे, हा स्टुडिओचा नियम त्यानेच घातला होता.

तिला आता काय सांगणार, आणि सांगून तरी काय हाती लागणार?

“बरा केलंस गो,” तो म्हणाला, आणि त्याने चहा मागितला.