सायलेन्सरवरचा शिक्का

डिलाईल रोडच्या गॅरेजात माझ्या गाडीच्या सायलेन्सर पाइपला उष्णतारोधक पट्टी गुंडाळणारे काका संपाआधी मिलमध्ये कापड तपासायचे. मला घाई होती. त्यांनी पट्टी उजेडात धरली, वीतवीत सरकवली आणि एक सुटलेला धागा दाखवून अख्खा रोल दुकानात परत पाठवला.

“काका, गाडीखाली वाकून कोण बघणार आहे?”

“मी बघितलंय ना.”

दुसरी पट्टी त्यांनी भिजवून घट्ट गुंडाळली, तारेने आवळली. मग खिशातून बंद पडलेल्या मिलचा रबरी शिक्का काढला आणि गाडीखाली उताणे पडून पाइपवर उमटवला : ‘पास’.

“इंजिन तापलं की हा जळणार, काका.”

“जळू दे की,” पाठ झटकत ते म्हणाले. “पण पास होऊन जळेल.”