कुंदनची विजेची काठी

हरिदासच्या मरणाचा गुन्हा वासुदेवरावांवर दाखल आहे आणि ते योग्यच झालं. शेताच्या कुंपणात थेट लाईन सोडणाऱ्या माणसाची बाजू मी घेणार नाही. पण त्या मरणातला एक वाटा माझ्या शेजारच्या गाळ्यात बसतो आणि त्याच्यावर कसलाही गुन्हा नाही. त्याचं नाव कुंदन. त्याच्यावर माझा जीवही आहे आणि रागही आहे. दोन्ही एकदमच आहेत, त्याला माझा इलाज नाही.

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत रस्त्यावर आमचे गाळे आहेत. माझं लेडीज टेलरिंग आणि भिंतीपलीकडे कुंदनचं झटका मशीनचं दुकान. रानडुकरं, रोही म्हणजे नीलगाई शेतात शिरू नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत बॅटरीवरून थांबून थांबून झटका सोडणारी ही पेटी असते. जनावर बिचकून पळतं, मरत नाही. आमच्याकडे आता मशीन नाही असं शेत शोधावं लागेल, इतकी डुकरं वाढली आहेत.

कुंदन आर्वीकडच्या एका खेड्यातला. बाप लहानपणी गेला, आई तो आयटीआयला असताना. अंगानं काटकुळा, आणि हात असे की क्षणभर गप्प बसायचे नाहीत. माझ्याकडे चहाला यायचा आणि बोलता बोलता माझ्या शिलाई मशीनचं झाकण उघडून बसायचा. मी ओरडले की म्हणायचा, "ताई, आवाज खराब येऊन राह्यला हिचा, तुमाले ऐकू कसा नाई येत?" दुपारपर्यंत मशीन लोण्यासारखं चालायचं आणि माझी गिऱ्हाइकं मात्र खोळंबलेली असायची.

धंद्यात तो हुशार होता. नवीन मशीन बसवलं की शेतकऱ्याचा हात धरायचा आणि सरळ तारेला लावायचा. माणूस किंचाळून मागे उडायचा, मग सगळे हसायचे. "पाह्यलं ना? हा मारत नाई, समजावते," हे त्याचं ठरलेलं वाक्य. वासुदेवरावांच्या शेतात मशीन बसवलं तेव्हा त्यानं त्यांच्या सालदाराचा, म्हणजे सालाच्या बोलीवर राबणाऱ्या हरिदासचा, हात असाच तारेला लावला होता. हरिदास त्याच्याच गावचा, त्याच्याच वस्तीतला. आई गेल्यावर कुंदनला परत आयटीआयच्या गेटपर्यंत सोडायला हरिदासच आला होता. कुंदन त्याला काका म्हणायचा, त्याच्या बायकोला, धुरपताला, काकू.

आता काठीचं सांगते. फोनवर कुंदन एक गेम खेळायचा. त्यात वादळात दिवे राखत फिरणारा एक म्हातारा होता आणि त्याच्या हातात एक उंच काठी. काठीच्या टोकाला काचेचा गोळा, गोळ्यात निळी वीज. त्या गेमवाल्यांची नागपूरला एका मॉलमध्ये स्पर्धा भरणार होती. गेममधल्यासारखा वेष करून, हत्यार घेऊन स्टेजवर जायचं. कुंदननं ठरवलं, ती काठी करायची. म्हातारा होण्याइतकी दाढी त्याला नव्हती, पण काठी कुणाच्या बापाला जमणार नाही अशी करतो म्हणाला.

केलीही. पीव्हीसीचा पाइप तापवून वाकवला, त्यावर एमसील थापून लाकडासारख्या गाठी काढल्या, रंगावर रंग चढवले. मुठीत एक छोटा बोर्ड आणि सेन्सर बसवला. कुणी समोर आलं की गोळ्याभोवतीची लाईट वाढायची, माणूस मागे सरला की मंद व्हायची. झगा मी शिवून दिला, जुन्या पडद्याचा. तो घालून तो गाळ्यापुढे उभा राहिला तेव्हा रस्त्यावरची म्हैस बुजली. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पण गोळ्यात त्याला खरी ठिणगी हवी होती. नुसत्या लाईटनं फसवणं त्याला मान्य नव्हतं. ठिणगीला झटका मशीनच्या पोटातला ट्रान्सफॉर्मर आणि बोर्ड लागतो, आणि हंगामात नागपूरच्या व्यापाऱ्याकडे माल नव्हता. कुंदनच्या फळीवर तेव्हा वासुदेवरावांचं मशीन होतं. पाल शिरून बिघडलं होतं. त्यानं ते आल्याबरोबर दुरुस्तही केलं होतं. मग ते उघडलं, आतलं सगळं काढलं आणि काठीत बसवलं. स्पर्धा रविवारी, सोमवारी परत जागच्या जागी.

वासुदेवरावांचे फोन येत होते. हरभरा घाट्यावर आला होता, डुकरं शिरत होती. कुंदन म्हणायचा, उद्या देतो. आम्हा शिवणाऱ्यांचा आणि दुरुस्तीवाल्यांचा हा शब्द कुणी मनावर घेत नाही, आम्ही स्वतःही घेत नाही. शेवटी मालकानं हरिदासला एसटीनं वर्ध्याला धाडलं.

मी तेव्हा कुंदनच्याच दुकानात झग्याची शिवण उसवत बसले होते. हरिदास आला, पिशवी खाली ठेवली.

"झाली का मशीन, बाबू?"

"झाली काका, पन सोमवारी नेजा. बसा तं, एक चीज दाखवतो तुमाले." कुंदननं शटर खाली ओढलं, अंधार केला आणि बटण दाबलं.

गोळ्यात निळी ठिणगी उडाली. थांबली, पुन्हा उडाली. हरिदास पुढे सरकला तशी लाईट वाढली. तो मागे झाला, पुन्हा पुढे झाला. साठीला टेकलेला माणूस, पण जत्रेत आल्यासारखा हरखला.

"अरे बापा! आभायातली बिजली बाटलीत भरली यानं!"

मी म्हणाले, "कुंदन, हे पुरे झालं. त्याईची मशीन त्याईले देऊन टाक. डुकरं काय तुह्या सोमवारची वाट पाहून राह्यली?"

"ताई, दोन-तीन रोजाचा तं सवाल आहे."

आणि हरिदासच मला म्हणाला, "राहू द्या बाई. पोराचं नाव होऊन राह्यलं. मी सांगतो मालकाले, मशीन जळली, पार्ट अजून आला नाई म्हून."

मी त्याला चहा दिला. तो मोकळ्या पिशवीनं परत गेला. वासुदेवरावांना त्यानं खरोखरच तसं सांगितलं.

पार्ट कधी येतो कुणास ठाऊक, असं समजून वासुदेवरावांनी शनिवारी संध्याकाळी, हरिदास घरी गेल्यावर, पंपाच्या पेटीतून थेट तार कुंपणाला जोडली. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीच येत होती. पहाटे आपणच जाऊन काढून टाकू, असा त्यांचा विचार होता म्हणे. हरिदास त्यांच्या आधी पोचला. फाटकापर्यंत वळसा नको म्हणून तो नेहमी हातानं तार दाबून ओलांडायचा. मशीन चालू असलं तरी तसाच ओलांडायचा. झटका बसला की हात झाडायचा, तारेला शिवी द्यायचा आणि हसायचा. त्या दिवशी तर त्याच्या हिशेबानं मशीनच नव्हतं. तो तारेवर पडलेला सापडला. तळहाताचं जे झालं होतं, ते मी लिहिणार नाही.

रविवारी कुंदन नागपूरला स्टेजवर होता. त्याचा फोन बंद. स्पर्धेत त्याचा दुसरा नंबर आला. संध्याकाळी त्यानं काठी घेतलेला फोटो स्टेटसला टाकला. तो त्याच्या गावातल्या लोकांनीही पाहिला असणार. आर्वीच्या दवाखान्यात तेव्हा हरिदासची चिरफाड चालली होती. कुंदन परत आला तेव्हा बातमी मीच दिली. तो झगा न काढता खाली बसला. मग उठला आणि काठीतून बोर्ड काढून मशीनमध्ये बसवू लागला. मी म्हटलं, "आता कोनासाठी करतं?" तो स्क्रू आवळत राहिला.

पोलिसांनी विचारलं तेव्हा त्यानं हरिदासचीच थाप पुढे केली. मशीन जळली होती, पार्ट मिळत नव्हता. त्यांनी ती लिहून घेतली, सही घेतली. तेराव्याच्या आत त्यानं मागच्या बोळात हातोड्यानं काठीचा चुरा केला. काचेचा आवाज माझ्यापर्यंत आला. मला तेव्हा बरं वाटलं होतं, निदान याला शरम आहे म्हणून.

त्यानंतर तो बदलला. मशीन बसवायला जायचा, पण कुणाचा हात तारेला लावेना. शेतकरी हौसेनं स्वतःच लावायला गेले तर अंगावर धावून जायचा. गावाकडे पाय ठेवला नाही. धुरपताबाईचं नाव निघालं की पान्हा शोधायला खाली वाकायचा. मला त्याचा संताप यायचा. मेलेल्याला काका म्हणतोस आणि जिवंत काकूला तोंड दाखवत नाहीस?

दीडेक वर्षानं कोर्टाचं समन्स आलं. साक्षीला उभं राहून तीच थाप शपथेवर सांगायची होती. समन्स घेऊन तो माझ्याकडे आला. "ताई, आधी काकूले सांगतो. मंग कोर्टात. तुमी चाल्ता का सोबत?" मी गाळा बंद केला.

धुरपताबाई अंगणात तुरीच्या शेंगा फोडत बसली होती. कुंदननं जयभीम केला, तिनं मान हलवली. मला बसायला पोतं दिलं, त्याला काही दिलं नाही. तो उभ्यानंच बोलला. मशीन जळली नव्हती, मी माझ्या काठीसाठी उघडली होती, काका न्यायला आले होते, मीच परत धाडलं. बोलताना तो रडला. तिचे हात चालूच होते.

"झालं?" तिनं विचारलं. "हे मले ठाऊक हाये. त्याईनं मले त्याच दिवशी सांगतलं होतं. जेवता जेवता हात करून करून सांगत होते, एवढा गोया हाये, त्यात बिजली नाचते. आपल्या वस्तीच्या पोट्ट्यानं बनवली म्हने."

"मंग तुमी पोलिसाले काऊन नाई सांगतलं, काकू?"

"तू येतं का नाई, ते पाहून राह्यली होती."

कुंदन खाली बसला.

"आन ती काठी," ती म्हणाली. "मले पाहाची हाये."

"तोडली काकू. तवाच तोडली. मले पाहवत नव्हती."

शेंगांचं सूप तिनं बाजूला सारलं. आवाज चढला तो आताच. "तुले पाहवत नव्हती! अन् मी? माह्या मानसानं मरनाच्या आधी खुशीनं नाव घेतलं ते त्या काठीचं. ती तुह्या एकट्याची होती काय रे, तोडाले?"

बोळातल्या त्या आवाजानं मला बरं वाटलं होतं, याची आता लाज वाटली.

"परत बनव," ती म्हणाली. "जशीच्या तशी. मले पाहू दे, माहा मानूस कशापायी गेला."

कोर्टात कुंदन खरं बोलला. फळीवर मशीन तयार होतं, मी ते खेळण्यासाठी उघडलं होतं, पोलिसांना खोटं सांगितलं, सगळं. वासुदेवरावांच्या वकिलाला त्यात पकडण्यासारखं काही दिसलं असावं, तो उठला, दोन-चार प्रश्न विचारून बसला. सरकारी वकिलानं त्यानंतर एकच विचारलं, कुंपणाला थेट करंट तुम्ही जोडला का? नाही म्हणाला. त्याला बाहेर जायला सांगितलं. तो कोर्टाच्या पायऱ्यांवर पुढचं कुणी बोलावतं का म्हणून बसून राहिला. कुणी बोलावलं नाही.

मग त्यानं काठी करायला घेतली. पहिल्या वेळी मला सतरा वेळा हाक मारून दाखवायचा. या वेळी भिंतीपलीकडून नुसती कानस घासल्याचा आवाज. ट्रान्सफॉर्मर नवा आणला होता. गाठी, रंग, मूठ, सगळं पहिल्यासारखं जमेपर्यंत त्यानं पुन्हा पुन्हा उकरून काढलं. त्यात हौस उरली नव्हती, पण हात तसेच अचूक होते. ते पाहून मला भडभडून आलं.

झाल्यावर आम्ही एसटीनं गेलो. पोत्यात गुंडाळलेली काठी त्यानं मांडीवर आडवी धरली होती. कंडक्टरनं काय आहे विचारलं, तर म्हणाला, "काकूचं सामान आहे."

धुरपताबाईनं दार लावून घेतलं, खिडकीवर गोणपाट टाकलं. त्यानं बटण दाबलं. निळी ठिणगी उडाली. ती जवळ आली, लाईट वाढली. मागे सरली, मंद झाली. हरिदाससारखी हरखली नाही की रडली नाही. घेतलेली वस्तू पारखावी तशी तिनं सगळ्या बाजूंनी पाहिली, गाठींवरून बोट फिरवलं, काचेजवळ तोंड नेलं. कुंदनच्या हातातला गोळा हलत होता. तिनं काठी मधोमध धरून स्थिर केली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"बंद कर," ती शेवटी म्हणाली.

दार उघडलं. उजेडात ती काठी म्हणजे रंगवलेला पाइप आणि वर एक काच होती. कुंदन तिच्या तोंडाकडे बघत उभा. तिनं शिव्या द्याव्यात, मारावं, माफ करावं, काहीतरी करावं म्हणून आलेला.

"ते सांगत होते त्याहून लहानच हाये," ती म्हणाली, आणि शेळ्या सोडायला बाहेर गेली.