साडेबाराची गोळी

सरकारी कचेरीत असताना आभाळ कोसळलं तरी एक वाजता डबा उघडायचाच. म्हणून डायबेटिसची गोळी मी साडेबाराला घ्यायचो. पुढे खुल्या बाजाराचं वारं सुटलं आणि दुप्पट पगारापायी मी नामपल्ली स्टेशनसमोरच्या एका खाजगी कंपनीत गेलो. मुलाखतीत आजारांबद्दल विचारलं, तेव्हा ठणकावून "काही नाही" म्हणालो. पंचेचाळिशीत ही नोकरी गेली असती तर दुसरी कोण देणार होतं?

आठव्याच दिवशी सवयीने गोळी घेतली आणि साहेबांनी मीटिंग बोलावली. दीड वाजला, दोन वाजले. मला दरदरून घाम फुटला. हात असे लटपटू लागले की टेबलाबरोबर अख्खं स्टेशन हलतंय असं वाटावं. समोर एकाचे तीन साहेब दिसत होते आणि तिघेही माझ्याकडेच बघत होते. बोललो तर नोकरी जाणार, गप्प बसलो तर मीच.

तेवढ्यात चहा आला. मी कपात साखरेचे पाच चमचे ओतले.

"क्या मियाँ, इत्ती शक्कर?" साहेबांनी त्यांच्या दख्खनी हिंदीत विचारलं.

"साब, मेरेकू शुगर है," तोंडातून निसटलंच.

"शुगर है, और शक्कर खारे आप?"

"गोळी घेतली, पण जेवलो नाही. साखर फार उतरली की माणूस जातो हो, साहेब!" भीतीने मी मराठीतच बोलून गेलो.

शब्द नाही, तरी माझा चेहरा त्यांना कळला असावा.

"पहले डब्बा खोलो, फिर डरो," ते म्हणाले.

डबा काढला, पण झाकण काही केल्या निघेना. शेवटी साहेबांनीच ते काढलं.