मार्थाकाकूंनी वाचलेलं स्तोत्र

मोर्शी सोडून जायचं मी ठरवलं होतं. पाळक म्हणून ती माझी पहिलीच नेमणूक. सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलो होतो, हिब्रू-ग्रीकचे वर्ग डोक्यात ताजे होते आणि विलापाच्या स्तोत्रांवर लिहिलेल्या माझ्या प्रबंधाचं गुरुजनांनी कौतुक केलं होतं. मोर्शीची मंडळी लहानशी, प्रेमळ. संत्र्याचा बहर आला की उपासनेलासुद्धा तो वास खिडकीतून आत यायचा. लोक माझे उपदेश शांतपणे ऐकायचे, बाहेर पडताना हात मिळवायचे, आणि मी काय बोललो ते कोणालाही आठवत नसायचं. आज अकोल्यात बसून ते दिवस आठवले की हसू येतं; तेव्हा मात्र मनाला फार लागायचं.

त्यातच मंडळीतल्या मार्थाकाकूंचा मुलगा डॅनियल गेला. काकू विधवा, जन्मभर शाळेत खिचडी शिजवलेली बाई. डॅनियल वायरमन होता, चर्चमधला प्रत्येक दिवा त्यानं लावलेला. चार दिवसांच्या तापात तो गेला. अंत्यविधीनंतर काकूंनी चर्चला येणं बंद केलं. मी त्यांच्या घरी गेलो. देवाची इच्छा, दुःखाचा अर्थ, पुनरुत्थानाची आशा, जे जे शिकलो होतो ते सगळं मी त्यांच्यापुढे मांडलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "पास्टरसाहेब, तुमी लय शिकले. पन मी तुमाले काई इचारलंच नाई. काहून सांगून राहिले?"

मी उठून आलो. पुढच्याच आठवड्यात राजीनाम्याचा अर्ज लिहिला आणि तो चर्चच्या मंडळाच्या कचेरीत द्यायला अमरावतीच्या एसटीत बसलो. पुढे अध्यापन करावं, असा विचार होता, म्हणून प्रबंधही सोबत घेतला होता. एसटी भरलेली होती. एका पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या बाईंनी पिशवी मांडीवर घेऊन मला जागा करून दिली. मी पानं चाळत होतो. त्यांनी विचारलं, "भाऊ, कायचं पुस्तक हाय?"

मी सांगितलं, आमच्या शास्त्रात काही गाणी आहेत, त्यांत माणसं देवापुढे रडतात, त्याला जाब विचारतात. एक तर असं आहे की शेवटपर्यंत त्यात दिलाशाचा शब्दच नाही.

"म्हंजे देवासंग भांडाची परवानगी हाय तुमच्यात?"

"आहे," मी म्हणालो, आणि का कोण जाणे, काकूंची सगळी हकीकत त्यांना सांगून टाकली.

त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी बुद्धाची लेक हाय, तुमच्या देवाचं मले काई समजत नाई. पन माहा पोरगा गेला तवा सारे समजवाले आले. संग रडाले कोनी आलं नाई. त्या बाईले हे गानं वाचून दाखवलं का तुमी?"

नव्हतं दाखवलं. त्या स्तोत्रावर मी वीस पानं लिहिली होती. पण ते कोणाच्या तरी तोंडी द्यायचं असतं, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. पुढच्या फाट्यावर मी उतरलो. त्या बाईंचं नावसुद्धा विचारायचं राहून गेलं.

उलटी गाडी पकडून दुपारी काकूंच्या दारात पोचलो. म्हटलं, "काकू, आज काही सांगायला नाही आलो. एक वाचू का?" पिशवीतलं शास्त्र काढून तेच स्तोत्र मी वाचू लागलो. अर्ध्यावर मलाच पुढे वाचवेना. डॅनियल शिडीवर उभा राहून हसतोय, असं डोळ्यांसमोर आलं. काकूंनी माझ्या हातातून शास्त्र घेतलं आणि पुढच्या ओळी स्वतः वाचल्या, मोठ्यानं, रागानं, एकेक शब्द फेकल्यासारखा. संपल्यावर विचारलं, "हे यातच हाय?" मी मान हलवली. मग त्या रडल्या. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. मीही त्यांच्याजवळ बसून रडलो.

त्या लगेच चर्चला आल्या नाहीत. मीही बोलावलं नाही. दर आठवड्याला जायचो आणि त्या म्हणतील ते स्तोत्र आम्ही वाचायचो. ईस्टरला, पुनरुत्थानाच्या सणाला, त्या येऊन मागच्या बाकावर बसल्या. पुढच्या वर्षी मंडळीतल्या एका घरातली लेक गेली. निरोप मिळताच मी धावत गेलो, तर काकू आधीच तिथे होत्या, त्या आईचा हात हातात घेऊन, काही न बोलता. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो.

मोर्शीत मी पुढे नऊ वर्षं राहिलो. त्या दिवशी एसटीत ती जागा मला कशी मिळाली, याचा उलगडा मी करत नाही. जिनं मला माझंच शास्त्र हातात दिलं, ती माझ्या देवाला मानतही नव्हती. प्रभू आपलं काम कोणाकडून करवून घेईल ते ठरवणारा मी कोण? आजही अभ्यास करतो, मनापासून करतो. पण दुःखाच्या घराचा उंबरा ओलांडण्याआधी क्षणभर थांबतो आणि म्हणतो, प्रभू, मला येतं ते सगळं तुझ्या हाती देतो. त्यातलं काय बोलायचं आणि कुठे गप्प राहायचं, ते आता तू बघ.